उधळ्या पोराच्या मोठ्या भावाचं काय चुकलं?

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. थोडक्यात परत लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर भागातले, घरी तीन एकर भाताची जमीन, दोघे भाऊ आणि एक बहीण. वडील असताना धाकट्यानं गोव्यात हॉटेल टाकतो म्हणून हट्ट धरला, वडलांनी रस्त्याकडचा तुकडा विकून पैसे दिले, हॉटेल वर्षात बुडालं, उरलेलं दारूत गेलं, मग चौदा वर्षं पत्ता नाही, वडलांच्या मातीलासुद्धा आला नाही. आता आलाय, लिव्हर खराब, हातात एक पिशवी. आई म्हणते परड्यात खोली बांधूया आणि माझा हिस्सा त्याला देऊन टाकूया. आणि नेमकं त्याच आठवड्यात चर्चमध्ये उधळ्या पुत्राचा दाखला वाचला (येशूनं सांगितलेली गोष्ट: धाकटा मुलगा बापाकडनं हिस्सा घेऊन परगावी उधळतो, कंगाल होऊन परत येतो, बाप वासरू कापून मेजवानी घालतो, आणि शेतातनं आलेला मोठा रागावून बाहेरच थांबतो), फादर म्हणाले मोठ्या भावासारखं होऊ नका, आणि तुम्ही अर्धी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, सोडून बाहेर येऊन गाडीवर बसून राहिला. "मी चुकलो काय सर? क्षमा करायची म्हणजे परत वाटणी द्यायची काय?" एवढा तुमचा प्रश्न.

आधी कोण बोलतोय ते सांगतो. मी फादर नव्हे. हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झालो, आणि सव्वीस वर्षं आमच्या भागात बायबल क्लास घेतोय, कधी चर्चच्या मागच्या खोलीत तर कधी कुणाच्या सोप्यात. पद्धत एकच, एका मांडीवर बायबल आणि दुसऱ्या मांडीवर गोष्टीचं पुस्तक. काही लोकांना हे आवडत नाही, देवाच्या वचनाबरोबर कादंबरी कशाला म्हणतात. पण फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओव्यांत लिहून १६१६ ला गोव्यात छापलं, अकरा हजाराच्या आसपास ओव्या, आपल्या बाजूलाच की ते, तेव्हा मी काय नवीन चूल मांडलेली नाही.

हा दाखला आहे तो लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय मी चाळीसेक वेळा तरी शिकवला असेन, आणि पहिली दहा वर्षं मी पण मोठ्या भावाला धुवून काढायचो. सोपं असतंय ते. क्लासला येणाऱ्यांत निम्मे मोठे भाऊच असतात आणि धाकटे कधी येतच नाहीत, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

माझं तोंड बंद केलं एका आजीनं. जुलै महिना, लाइट गेलेली, रोप लावून बायका तशाच चिखलाच्या पायांनी आलेल्या. मी कंदिलाजवळ वाचत होतो, की मोठा मुलगा शेतात होता, घराजवळ आला तेव्हा त्याला वाजप आणि नाच ऐकू आला, मग त्यानं एका गड्याला बोलावून विचारलं काय चाललंय. आजी म्हणाली, "थांबा मास्तर. त्याला कुणी बोलवूनच आणलं नाही काय ओ? वासरू कापलं, वाजप लावलं, सगळ्यांना जेवण, आणि शेतातल्या पोराला हाक मारायला एक माणूस गावला नाही?" मी परत वाचलं. खरंच नाही. निरोप गेल्याचा एक शब्द नाही. इतकी वर्षं शिकवून मला ते दिसलं नव्हतं, आणि चिखलाच्या पायांनी आलेल्या बाईला एका झटक्यात दिसलं, कारण ती पण दिवसभर शेतातच होती.

तेव्हा तुम्हाला राग आला यात काही पाप नाही. त्या मोठ्या भावाचा राग आला तो पण साध्या कारणानं. आणि बघा, बाप त्याला ओरडत नाही. धाकट्यासाठी बाप पळत बाहेर गेला होता, मोठ्यासाठी पण तोच बाप जेवण सोडून, पाहुणे सोडून परत बाहेर येतो आणि विनवण्या करतो. एकाच दिवसात दोनदा बाहेर आला तो म्हातारा. प्रवचनात पहिलं बाहेर येणं रंगवून सांगतात, दुसरं राहून जातं.

मग चुकलं कुठं त्याचं? मला विचाराल तर तीन शब्दांत चुकलं. पहिला, "चाकरी". एवढी वर्षं मी तुमची चाकरी करतोय म्हणतो, आणि मूळ ग्रीक शब्द गुलामाच्या राबण्याचा आहे. मालकाचा मुलगा असून स्वतःला गडी समजून राबला, आणि बापाला ते कधी कळलं नाही, त्यानं पण कधी सांगितलं नाही, एक करडूसुद्धा मागितलं नाही, मनात मात्र धरून ठेवलं. दुसरं, तो म्हणतो ह्यानं कसबिणींबरोबर सगळं खाल्लं. आता गोष्ट सांगणाऱ्यानं वर फक्त उधळेपणानं पैसा उडवला एवढंच सांगितलंय, कसबिणी कुठून आल्या? मोठ्यानं घातल्या. गावात कोण काय बोलत होतं ते ऐकून किंवा स्वतःच रात्री जागून रचून. तुमच्या लांबलचक मेसेजमध्ये पण "तिकडं त्यानं काय काय केलं असेल देव जाणे" असं तीन ठिकाणी आहे, देव जाणे तर देवाला जाणूदे की. आणि तिसरा सगळ्यात वाईट, "हा तुमचा मुलगा". माझा भाऊ म्हणत नाही. बाप उत्तर देताना मुद्दाम तो शब्द फिरवून त्याच्या हातात देतो, "हा तुझा भाऊ". सगळ्या दाखल्याची चावी मला त्या एका शब्दात दिसते.

आता वाटणीचं. इथं बहुतेक जण गोंधळतात, आणि क्षमा म्हणजे परत हिस्सा असं समजून चर्चच्या बाहेर जाऊन बसतात. दाखला नीट वाचा. धाकट्यानं हिस्सा मागितला तेव्हा बापानं आपली मिळकत "त्यांना" वाटून दिली असं लिहिलंय, एकट्याला नव्हे, दोघांना. मोशेच्या नियमात, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, थोरल्याला दुप्पट वाटा आहे. म्हणजे दोनच भाऊ असतील तर थोरल्याचे तीनात दोन, धाकट्याचा एक. धाकट्यानं आपला एक विकून खाल्ला. म्हणून शेवटी बाप थोरल्याला म्हणतो, माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे. हे नुसतं लाडानं म्हटलेलं नाही, हिशोबानं पण खरं आहे. धाकट्याला अंगठी, झगा, पायात जोडे, जेवण सगळं मिळालं, पण जमीन परत मिळाली असं तिथं कुठं नाही. घर परत मिळालं, वाटा नाही. (आणि ती मिळकत वाटून दिली म्हणताना ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ जगणं असा पण होतो, बापानं आपलं जगणं वाटून दिलं. तुमच्या वडलांनी तो तुकडा विकला त्या दिवशी काय विकलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.)

आणखी एक. त्याच लूकमध्ये तीन अध्याय मागं, बाराव्यात, गर्दीतनं एकजण ओरडून सांगतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा. येशू काय म्हणाला? मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं? आणि मग लोभापासून जपा म्हणून सांगितलं. म्हणजे स्वतः येशूनं गुंठ्यांच्या भांडणात हात घातला नाही, तर माझी काय बिशाद.

तरी गुंठ्यांबद्दल तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती तुम्हाला आवडणार नाही आणि ती वकिलाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. आपल्या ख्रिस्ती लोकांना वारसा लागतो तो १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं. मृत्युपत्र नसेल तर मागं राहिलेल्या बायकोला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या वडलांनी मृत्युपत्र केलं नाही म्हणता. म्हणजे तीन एकरात आईचा एक एकर तिचा स्वतःचा, तो ती कुणाला देते यावर तुम्हाला सल्ला देता येतो, अडवता येत नाही. उरले ऐंशी गुंठे, तीन भावंडं, प्रत्येकी साधारण सव्वीस-सत्तावीस. आणि जे आधी धाकट्याला दिलं ते? त्याच कायद्यात कलम ४९ आहे, बापानं हयातीत पोराला दिलेलं वाटणीच्या वेळी वजा धरत नाहीत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलोच, गोष्टीतल्या बापापेक्षा सरकारच उधळं निघालं! तेव्हा कायद्यानं धाकट्याचा हिस्सा आजही उभा आहे. आधी पदरात पडलेलं असताना त्यानं तो मागावा का, हा त्याच्या मनाचा प्रश्न आहे आणि तो मी त्याला विचारीन, तुम्हाला नाही. खातरजमा वकिलाकडून करून घ्या.

पण वर मी काय लिहिलं ते लक्षात आलं काय? तीन भावंडं. तुमच्या सगळ्या मेसेजमध्ये बहिणीचा उल्लेख एकदाच आहे, "बहीण गोकाकला दिलीय". दिलीय. संपलं वाक्य. माझा वाटा, त्याचा वाटा, आईचा वाटा, दीड पान लिहिलं तुम्ही, आणि तिचे सव्वीस गुंठे कुठल्या ओळीत आहेत? दाखल्यात बहीण नाही खरं, पण बायबलातल्या गणना नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहेत की पाच जणी, सलाफहादाच्या मुली, बापाला मुलगा नव्हता म्हणून सगळ्या मंडळीसमोर, मोशेसमोर उभ्या राहून म्हणाल्या आमच्या बापाचं नाव का बुडावं, आम्हाला वतन द्या, आणि देवानं मोशेला सांगितलं त्या बरोबर बोलतायत. आणि आपल्या बेळगावचंच सांगायचं तर बाबा पद्मनजी इथं १८३१ ला जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ ला ख्रिस्ती झाले, आणि तीन वर्षांनी त्यांनी यमुनापर्यटन लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात तीच. त्यात काय आहे? घरातल्या विधवा बायकांचे घरच्यांनीच केलेले हाल. बाप्तिस्मा घेतलेल्या बेळगावच्या माणसाला कादंबरी लिहायला हे सुचलं. आणि आम्ही पाच-सहा पिढ्या ख्रिस्ती असलेली माणसं अजून "दिलीय" म्हणतोय.

हे तुम्हाला खाली बघायला लावायला लिहीत नाही. मोठ्या भावाचा हिशोब चुकीचा नसतो, अर्धा असतो. आपल्याला काय येणं आहे त्याचं पान भरलेलं, देणं आहे त्याचं पान कोरं.

इथं मी क्लासमध्ये एक गोष्ट सांगतो, डोस्टोयव्हस्कीच्या करामाझोव्ह बंधूंमधली, १८८० चं पुस्तक आहे, त्यात ग्रुशेंका नावाची बाई सांगते. एक म्हातारी असते, जन्मभर दुष्ट, मरते, सैतान तिला आगीच्या तळ्यात टाकतात. तिचा देवदूत आठवून आठवून बघतो हिनं एक तरी चांगलं केलंय काय, आणि त्याला सापडतं की एकदा एका भिकारणीला हिनं बागेतला कांदा उपटून दिला होता. देव म्हणतो ठीक आहे, तोच कांदा घे, तिला धरायला सांग, ओढून काढ, निघाली तर निघाली. देवदूत ओढतो, म्हातारी जवळजवळ वर येते, तेवढ्यात तळ्यातले बाकीचे तिच्या पायाला लोंबकळतात. म्हातारी लाथा मारते, "मला ओढतायत, तुम्हाला नाही, कांदा माझा आहे!" म्हटलं आणि कांदा तुटला. देवदूत रडत निघून गेला. कांदा किती लोकांचं वजन पेलला असता ते आपल्याला कळत नाही, पण माझा म्हणेपर्यंत तुटला नव्हता एवढं कळतं. एका पोरानं क्लासमध्ये विचारलं, सर कांदा कसा काय एवढ्यांना ओढणार, मी म्हटलं बाबा, तो एका म्हातारीला तरी कुठं ओढणार होता, ओढणारा वर होता.

आता क्षमा केली म्हणजे लगेच किल्ल्या द्यायच्या, असं शास्त्रात कुठंही नाही. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३३ वा अध्याय काढा. याकोबानं आपल्या भावाला, एसावाला, फसवलेलं, वीस वर्षांनी परत येतो, घाबरून सात वेळा जमिनीला टेकून नमस्कार करतो, आणि एसाव चारशे माणसं घेऊन आलेला असताना पळत जाऊन मिठी मारतो, गळ्यात पडतो, मुका घेतो, दोघं रडतात. लूकमधल्या बापाचं पळणं अगदी याच चालीचं आहे. पण पुढची ओळ लोक वाचत नाहीत. एसाव म्हणतो चल बरोबर जाऊया, याकोब म्हणतो पोरं लहान आहेत, जनावरं दुभती आहेत, तू हो पुढं, आणि तो भलतीकडंच, सुक्कोथला जाऊन घर बांधतो. क्षमा झाली, गळाभेट झाली, चूल वेगळीच राहिली. त्यानंतर ते दोघं एकत्र दिसतात ते बापाला मूठमाती द्यायला. देवानं यावर कुणालाही रागावलं नाही.

त्याच पुस्तकातल्या योसेफाचं तर आणखी पुढचं. त्याला भावांनीच गुलाम म्हणून विकलेलं, पुढं तो मिसरात मोठा अधिकारी झाला, आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात आले. त्यानं भावांना ओळखल्या ओळखल्या मिठी मारली नाही. एकाला ठेवून घेतलं, बाकीच्यांना पाठवलं, परत आल्यावर धाकट्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून ठेवला. कशासाठी? ज्या यहूदानं एकेकाळी योसेफाला विकूया म्हणून सुचवलं होतं, तोच यहूदा आज धाकट्या भावाला सोडून पळतो काय ते बघायचं होतं. यहूदा पुढं येऊन म्हणाला ह्याच्या जागी मला गुलाम ठेवा. तेव्हा कुठं योसेफ मोठ्यानं रडला आणि मी योसेफ म्हणाला. राग त्याच्या मनातनं कदाचित आधीच गेला असेल, मधेमधे आत जाऊन रडून येतच होता की. पण विश्वास बसायला दोन खेपा लागल्या.

तुमच्या बाबतीत मी म्हणेन खोली बांधा, परड्यात कशाला, आधी सोप्यात त्याची गादी घाला. जेवायला एका पंक्तीत बसवा. पैसे हातात देऊ नका. लिव्हरचा पेशंट आहे तर चिखलात उतरवू नका, पण म्हशीचं दूध डेअरीला घालणं, आईला दवाखान्याला नेणं-आणणं एवढं त्याच्यावर टाका आणि एक पावसाळा जाऊदे. दारू सुटतेय काय बघा, ते नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका, डॉक्टर लागतोच. जमिनीचं बोलणं त्यानंतर.

आणि आईला सही करू नको असा सल्ला द्या म्हणतोय ते तुमच्या फायद्यासाठी नाही. तिनं आपला एकर आत्ताच लिहून द्यायचा नाही, त्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. कॅथलिक बायबलात सिराखचं पुस्तक आहे, त्याच्या ३३ व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय की जिवंत असेपर्यंत मुलगा, बायको, भाऊ, मित्र कुणाला आपल्यावर अधिकार देऊ नको, पोरांच्या हाताकडं बघत बसण्यापेक्षा पोरांनी तुझ्याकडं बघितलेलं बरं, वाटणी शेवटच्या दिवशी. शेक्सपिअरच्या नाटकातल्या लिअर राजानं हे ऐकलं नाही, आपल्या नटसम्राटातल्या गणपतराव बेलवलकरांनी पण ऐकलं नाही, जिवंतपणीच पोरांना सगळं देऊन टाकलं, पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मृत्युपत्र करायचं तर करूदे, ते तिला हवं तेव्हा बदलता येतंय.

शेवटी माझं सांगतो, म्हणजे लांबून दगड मारतोय असं वाटणार नाही. आमची आई दोन वर्षं अंथरुणाला होती, भाऊ पुण्याला, मी एकटाच. मी एक लॉन्गबुक केलेलं. गोळ्या ३४०, रिक्षा ६०, डायपर, सलाइन, बाईचा पगार, तारखेनिशी. कशाला लिहिलं मला माहीत होतं, एक दिवस त्याच्यासमोर आपटायचं म्हणून. आई गेली, भाऊ आला, कोपऱ्यात बसून ढसाढसा रडला, मी वही काढली नाही, पण फेकली पण नाही, कपाटात साड्यांच्या खाली तशीच. अकरा वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. आणि दर वर्षी मी क्लासला बायबलातल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय शिकवत होतो, प्रीती अपकार स्मरत नाही, आणि फळ्यावर लिहून सांगत होतो की मूळ शब्द हिशोबाच्या वहीतला आहे, नोंद ठेवत नाही असा. शिकवणाऱ्याची नोंद कपाटात. वहीचं पुढं काही मोठं झालं नाही, जाळली वगैरे नाही. बायकोला दुधाचा हिशोब ठेवायला वही पाहिजे होती, तिनं लिहिलेली पानं फाडली आणि राहिलेल्या पानांवर दूध लिहायला लागली. मी बघितलं, काही बोललो नाही. त्या रविवारी भावाला फोन केला, भात कसा झालाय विचारायला, त्याला भाताशी काही देणंघेणं नाही तरी.

तो दाखला अर्धवट आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मोठा भाऊ आत गेला की नाही ते लूकनं लिहिलेलं नाही, बाप बोलतोय तिथंच थांबलंय. तुम्ही गाडीवर बसलेलात तिथपर्यंतच.

जमिनीचा उतारा कन्नडात असणार, वाचायला जमलं नाही तर बुधवारी सकाळी घेऊन या, मी घरीच असतो. पण त्याच्या आधी गोकाकला एक फोन करा, आणि तिला "तुझा भाऊ आलाय" असं सांगा. तिला अजून कुणी कळवलं नसणार, पैज लावतो.